जुन्या पेट्रोल गाडीचं इंजिन मधूनच वर-खाली होतंय? आधी ते ‘कधी’ होतं ते पकडा

अ‍ॅक्सिलरेटरवर पाय एकाच जागी स्थिर आहे, तरी गाडी मध्येच ओढ घेते, मग कुणी मागून धरल्यासारखी मंदावते, पुन्हा ओढ घेते. किंवा सिग्नलला उभं असताना आरपीएमचा काटा ८०० वरून १५०० वर चढतो, धपकन खाली येतो, परत चढतो. पहिल्या प्रकाराला गॅरेजमध्ये ‘झटके मारतेय’ किंवा ‘मिसिंग आहे’ म्हणतात, दुसऱ्याला ‘हंटिंग’. दोन्हींची खोड एकच, मिस्त्रीसमोर उभी केली की गाडी काहीच करत नाही. मग अंदाजपंचे काम सुरू होतं. आज प्लग, पुढच्या महिन्यात फ्युएल फिल्टर, त्यानंतर ‘एक सेन्सर बदलून बघू’. प्रत्येक वेळी चार दिवस बरे जातात आणि मग पुण्याच्या नवले पुलाच्या उतारावर, मागे ट्रकची रांग असताना, पुन्हा तोच प्रकार. म्हणून सुटा भाग विकत घेण्याआधी हे नेमकं कोणत्या वेळी होतं याचा छडा लावणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वेळ कळली की संशयित निम्म्याहून कमी होतात.

खालचं सगळं साधारण २००० ते २०१० या काळातल्या एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या, पेट्रोल गाड्यांबद्दल आहे. कार्ब्युरेटरवाल्या गाडीचं गणित वेगळं. याच काळातल्या गाड्यांची अडचण जास्त, कारण त्यात सेन्सर आणि ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) आहेत, पण आजच्यासारखं ओबीडी, म्हणजे दोष स्वतः नोंदवणारी यंत्रणा, सगळ्यांत नाही. आपल्याकडे ओबीडी सक्तीचं झालं ते एप्रिल २०१० पासून, बीएस-४ या प्रदूषणाच्या निकषांबरोबर, आणि त्याची दुसरी, सविस्तर पायरी एप्रिल २०१३ पासून. त्यामुळे मोबाइलला जोडायचा स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर २००४ च्या गाडीशी बोलेलच याची खात्री नाही. बोलला तरी मधूनच येणारा दोष कित्येकदा कोड टाकतच नाही, कारण ईसीएमच्या लेखी सेन्सर चालू असतो, फक्त चुकीचा आकडा सांगत असतो.

तर पहिलं काम वहीचं. ग्लोव्ह बॉक्समध्ये एक छोटी वही ठेवा. झटका आला की गाडी बाजूला घेऊन, किंवा शेजारी बसलेल्याला सांगून, एवढं लिहा: इंजिन थंड होतं की तापलेलं, सुरू करून किती वेळ झाला होता, टाकीत पेट्रोल किती होतं आणि शेवटचं कधी भरलं, एसी चालू होता का, पाऊस होता का, कोणता गिअर आणि अंदाजे वेग, चढ होता की सपाट रस्ता. सीएनजी किट असेल तर कोणत्या इंधनावर. दोन-चार नोंदी झाल्या की त्यात एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा दिसायला लागते. ‘गाडी झटके मारते’ एवढंच सांगितलेल्या मिस्त्रीपेक्षा ‘टाकी अर्ध्याच्या खाली गेली आणि अर्धा तास चालवली की चढाला मारते’ हे ऐकलेला मिस्त्री पन्नास पावलं पुढून सुरुवात करतो.

दोन गोष्टी आधीच वगळा. एसीचा कॉम्प्रेसर लागताना किंवा रेडिएटरचा पंखा सुरू होताना आरपीएम क्षणभर हलणं हा दोष नाही. आणि आवाज चढतो पण गाडीचा वेग वाढत नाही, असं असेल तर तो क्लच घसरतोय. इंजिनाकडे बघू नका.

पेट्रोलची वाट: चालताना, तापल्यावर, चढाला

एका मित्राच्या २००५ च्या हॅचबॅकचं उदाहरण सांगतो, कारण त्यात वहीने काय केलं ते स्पष्ट दिसतं. गाडी शहरात ठीक. साताऱ्याकडे निघालं की कात्रजच्या चढापर्यंत ठीक, आणि बोगदा ओलांडून थोडं पुढे गेलं की झटके सुरू. चहाला थांबलं की पुन्हा अर्धा तास व्यवस्थित. पंप बदलायचा सल्ला मिळाला होता, आणि लक्षणं बघता तो चुकीचाही नव्हता. पंप तापला की दाब सोडतो. पण वहीत एक नोंद वेगळी होती. एकदा झटके सुरू झाल्याबरोबर तो पंपावर शिरला, पेट्रोल भरलं, आणि एक मिनिटही न थांबता निघाला, तरी झटके गायब. पंप एवढ्यात गार होत नाही. मग पेट्रोलमुळे फरक पडला, की झाकण उघडल्यामुळे?

पुढच्या वेळी झटके आल्यावर त्याने फक्त झाकण सैल केलं. आत हवा ओढली गेल्याचा ‘फस्स’ असा लांब आवाज आला आणि गाडी सुरळीत. टाकीतलं पेट्रोल जसं कमी होतं तशी तिथे बाहेरची हवा आत यावी लागते. ती वाट बंद असेल तर टाकीत निर्वात तयार होतो आणि पंपाला पेट्रोल खेचणं जड जातं. झाकणातली झडप ठीक होती. टाकीपासून चारकोल कॅनिस्टरकडे (पेट्रोलची वाफ धरून ठेवणारा डबा) आणि तिथून बाहेर उघडणारी नळी तपासली, तर तिच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं होतं. वाळून घट्ट बसलेली, करंगळीएवढी माती. गाडी काही महिने झाडाखाली उभी होती, तेव्हाचं ते काम. नळी साफ केली, संपलं.

म्हणून चालताना मारणाऱ्या गाडीत पहिली चाचणी झाकणाची. तीन सेकंद लागतात, पैसा लागत नाही. ताज्या थंड गाडीचं झाकण उघडून काही कळणार नाही, झटके चालू असतानाच, गाडी बाजूला सुरक्षित उभी करून उघडायचं.

इथे बरं वाटलं नाही तर इंधनाचा दाब मोजा. पोर्ट इंजेक्शनच्या, म्हणजे एमपीएफआयच्या, बहुतेक गाड्यांत तो २.५ ते ३ बारच्या आसपास असतो. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये. उभ्या गाडीवर मोजलेला दाब पुरेसा नाही. गेजची नळी लांब घेऊन, दोष येतो त्याच स्थितीत, म्हणजे इंजिन तापवून आणि रेस देऊन बघायला हवं. हे काम गॅरेजवाल्याकडून करून घ्या. दाबाखालचं पेट्रोल गरम इंजिनावर उडालं तर आग लागते. इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवरच (फ्युएल रेल) प्रेशर रेग्युलेटर असलेल्या गाड्यांत एक साधी गोष्ट घरी करता येते. त्याची बारीक व्हॅक्यूम नळी काढून वास घ्या. आत पेट्रोलचा ओलावा असेल तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय.

टाकी भरल्याबरोबर मारणाऱ्या गाडीचा रोख मात्र वेगळीकडे असतो. पेट्रोल भरताना नोझल आपोआप कट झाल्यावरही ‘राउंड फिगर करा’ म्हणून आणखी ढकलायची आपली सवय. ते जास्तीचं पेट्रोल कॅनिस्टरमध्ये उतरतं. मग कॅनिस्टरमधली वाफ इंजिनात सोडणारी पर्ज झडप उघडली की वाफेऐवजी जड मिश्रण इंजिनात जातं आणि गाडी गुदमरते. पहिल्या कटला थांबायची सवय लावा आणि दोन-तीन टाक्या बघा. तरीही होत असेल तर पर्ज झडप उघडीच अडकलीय का ते पाहा: थंड इंजिन नुकतंच सुरू करून, स्लोवर (अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता), कॅनिस्टरकडची नळी काढून बोट लावा. स्लोवर तिथे सतत ओढ जाणवली तर झडप बंद होत नाही.

हवेची वाट: उभी असताना हंटिंग

सिग्नलला काटा ठरावीक तालात वर-खाली होतो त्यामागचं कारण समजलं की शोध सोपा होतो. थ्रॉटलच्या (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी हवेची पाकळी) पुढे, इंजिनाच्या बाजूला, कुठेतरी चोरून हवा शिरते. कित्येक छोट्या गाड्यांत हवा मॅनिफोल्डच्या (थ्रॉटलपासून सिलिंडरांकडे हवा नेणारा पाइप) दाबावरून मोजली जाते. जास्तीची हवा दिसली की ईसीएम तिच्या जोडीला पेट्रोल देतो, आरपीएम चढतो. पण थ्रॉटल तर बंद आहे. बंद थ्रॉटल आणि चढलेला आरपीएम म्हणजे गाडी उतारावर पाय काढून चाललीय असं ईसीएम समजतो आणि पेट्रोल तोडतो. आरपीएम पडतो, पेट्रोल पुन्हा सुरू, पुन्हा चढतो. ईसीएम शिकवल्याप्रमाणेच वागत असतो, म्हणून तो बदलून काही होत नाही.

शोधायचं कसं? हंटिंग चालू असताना बोनेट उघडा आणि मॅनिफोल्डवरून निघणाऱ्या रबरी नळ्या एकेक करून पक्कडीने, कापड गुंडाळून, हलकेच दाबा. जी दाबल्यावर ताल बदलतो त्या नळीच्या टोकाला गोम. ब्रेक बूस्टरची जाड नळी विसरू नका. ब्रेक दाबला की हंटिंग बदलतं, असं असेल तर बूस्टरच हवा घेतोय. तेव्हा प्रश्न इंजिनाचा उरत नाही, ब्रेकचा होतो, आणि ते काम उद्यावर टाकू नका. क्रँककेसमधली वाफ परत इंजिनात नेणारी पीसीव्ही नळी तेलाने भिजून मऊ पडते आणि खालच्या बाजूने चिरते. वरून बघितलं तर नवीन दिसते, बोट खालून फिरवलं की नख अडकतं. आणखी एक गोष्ट: जुन्या गाडीचे इंजिन माउंटिंग बसलेले असतात, त्यामुळे क्लच सोडताना इंजिन डुलतं आणि उभ्या गाडीत बंद दिसणारी चीर तेवढ्यापुरती उघडते. मधूनच येणाऱ्या दोषाचं हे फार नेहमीचं कारण आहे. म्हणून नळ्या जागेवर बघून समाधान मानू नका, वाकवून बघा.

कार्ब क्लीनर फवारून लीक शोधायची पद्धत चालते, पण तो ज्वलनशील असतो. गरम एक्झॉस्टवर किंवा सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये हा प्रयोग नको.

व्हॅक्यूम गेज असेल तर पुण्यात एक दुरुस्ती करावी लागते. पुस्तकातले आकडे समुद्रसपाटीचे असतात, निरोगी इंजिन स्लोवर १८ ते २२ इंच पारा. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, इथे तेच इंजिन जवळपास दोन इंच कमी दाखवतं. १७ इंचांवर स्थिर असलेला काटा बघून इंजिन खोलायला काढायचं नाही. काटा स्थिर आहे की थरथरतोय, हे आकड्यापेक्षा जास्त सांगतं.

थ्रॉटल बॉडी आणि आयडल एअर झडप (स्लोवर हवा देणारी) कार्बनने चिकटणं हेही नेहमीचं. स्वच्छ करणं स्वस्त आहे, करून घ्याच. केबलचं थ्रॉटल असेल तर फडकं लावून पुसता येतं. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी बोटाने ढकलू नका.

सेन्सर, पण बदलण्याआधी मोजून

पुण्यात तपकीर गल्लीत साधा मल्टिमीटर काहीशे रुपयांत मिळतो. जुन्या गाडीच्या मालकाकडे तो असावाच.

सगळ्यात आधी कूलंट बघा. इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण उघडा. बाजूची बाटली भरलेली असली म्हणजे आत भरलेलं आहे असं नाही. पातळी कमी असेल तर तापमान सेन्सरच्या टोकाशी कधी पाणी, कधी वाफ येते आणि ईसीएमला इंजिन क्षणात गरम, क्षणात गार वाटतं. त्याप्रमाणे पेट्रोल कमी-जास्त. सेन्सर निर्दोष असूनही बदलला जातो तो असा. सेन्सर तपासायचा तर ओहम मोजा: बहुतेकांचा रोध २० अंशांना दोन-तीन हजार ओहम आणि ८० अंशांना दोनशे ते चारशेच्या दरम्यान येतो. आकड्यापेक्षा तो गरम होताना एकसारखा उतरतो का, हे बघा. सॉकेट काढलाच आहे तर आतल्या पिनांवर हिरवट साका आहे का तेही पाहा. पुण्याच्या चार महिन्यांच्या पावसात हा साका धरतोच, आणि कित्येक ‘गेलेले’ सेन्सर सॉकेट साफ केल्यावर चालू लागतात.

थ्रॉटल पोझिशन सेन्सरची खूण वेगळी. ठरावीक एकाच वेगाला, म्हणजे रोजच्या चालीला, गाडी मारते. पाय थोडा दाबला किंवा थोडा उचलला की थांबते. आतली पट्टी जिथे सर्वांत जास्त वापरली जाते तिथेच झिजते. इंजिन बंद, इग्निशन चालू ठेवून सिग्नलच्या वायरवर व्होल्ट मोजा आणि पेडल अगदी हळू दाबवा. अर्ध्या व्होल्टच्या आसपासून साडेचारकडे आकडा सलग चढायला हवा. मध्ये कुठे उडी मारली किंवा शून्याकडे गेला तर पट्टी झिजलीय. डिजिटलपेक्षा काट्याचा मीटर इथे बरा. काट्याची दचक डोळ्याला चटकन दिसते.

तापल्यावरच आरपीएमचा काटा झटक्यात शून्याकडे पडतो, गाडी मात्र धावत असते, आणि लगेच काटा परत येतो: अशा वेळी इंजिनाचं फिरणं मोजणाऱ्या क्रँक किंवा कॅम सेन्सरचा सिग्नल तुटतोय असं धरा. पेट्रोल कमी पडलं तर काटा असा तुटून पडत नाही, गाडीच्या वेगाबरोबर उतरतो.

बॅटरीची अर्थिंग पट्टी हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. सेल्फ मारत असताना बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून इंजिन ब्लॉकपर्यंत व्होल्ट मोजा. ०.२ पेक्षा जास्त आला तर पट्टी आणि तिचे बोल्ट घासून पुन्हा बसवा. अर्थिंग ढिली असेल तर प्रत्येक सेन्सरचा आकडा डळमळतो आणि दोष कोणत्याच एका सेन्सरचा वाटत नाही.

फक्त पावसात किंवा गाडी धुतल्यावर मारते? प्लगच्या वायरी. रात्री, दिवे घालवून, बोनेट उघडून, वायरींवर पाण्याची बारीक फवारणी करा, हात लांब ठेवून. निळ्या ठिणग्या उड्या मारताना दिसतील. नाना पेठेत वायरींचा संच घेताना चारही एकदम घ्या, सुटी एक नको.

पीयूसीचा कागद फेकू नका

आपण पीयूसीचा शिक्का बघतो आणि आकडे बघतच नाही. पेट्रोल गाडीच्या स्लिपवर दोन आकडे असतात, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन. बीएस-२ आणि बीएस-३ च्या चारचाकीला मर्यादा आहे ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम. पास-नापासच्या पलीकडे हे आकडे इंजिनाची कुंडली सांगतात. कार्बन मोनॉक्साइड कमी पण हायड्रोकार्बन चढलेलं: पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय, म्हणजे हवा जास्त शिरतेय किंवा एखादा प्लग चुकतोय. कार्बन मोनॉक्साइडच जास्त: पेट्रोल जास्त जातंय, तेव्हा तापमान सेन्सर, गळका इंजेक्टर, फाटका रेग्युलेटर यांच्याकडे बघा. जुने दोन-तीन कागद शेजारी ठेवले तर दोष कधीपासून वाढतोय तेही कळतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट चालू असेल तर तो हे आकडे थोडे झाकतो, एवढं लक्षात ठेवायचं.

सीएनजी असेल तर अर्धा तपास फुकट

पुण्यात या वयाच्या पुष्कळ गाड्यांना सीएनजी किट आहे. सीएनजीवर गाडी मारत नाही आणि पेट्रोलवर मारते, तर पंप, फिल्टर, इंजेक्टर, रेग्युलेटर एवढाच घोळ. दोन्हींवर सारखंच मारते, तर पेट्रोलच्या बाजूला हात लावू नका. हवा, स्पार्क, सेन्सर किंवा अर्थिंग बघा. फक्त सीएनजीवर मारते तेव्हा रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग), सीएनजीचा फिल्टर आणि ट्यूनिंग, आणि त्याबरोबर प्लगसुद्धा, कारण सीएनजीला ठिणगी जास्त जोरकस लागते आणि थकलेला प्लग आधी तिथेच उघडा पडतो. जुन्या मिक्सरवाल्या किटमध्ये बॅकफायर झाला असेल तर एअर फिल्टरकडचा रबरी पाइप आणि त्याचे क्लिप तपासा. ज्यांनी पेट्रोल महिनोन्महिने वापरलेलं नाही, त्यांचा पेट्रोल पंप आणि इंजेक्टर तसेच चिकटलेले असू शकतात. रोजची पहिली काही मिनिटं पेट्रोलवर चालवावी.

इथेनॉलबद्दल विचारलं जातंच. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून त्याच इंजेक्टरच्या वेळेत मिश्रण पातळ पडतं. ऑक्सिजन सेन्सर धड असेल तर ईसीएम ते भरून काढतो, सेन्सर सुस्त झाला असेल तर गाडी मारते. शिवाय इथेनॉल पाणी धरून ठेवतं आणि जुन्या टाकीतला साका सोडवून फिल्टरपर्यंत आणतं. महिना महिना उभ्या राहणाऱ्या गाडीत पावसाळ्यात टाकीच्या तळाशी पाण्याचा थर वेगळा होऊ शकतो. अशा गाडीच्या टाकीतलं थोडं पेट्रोल तळाकडून काढून काचेच्या बाटलीत तासभर ठेवा. दोन थर दिसले तर सेन्सर वगैरे राहू दे, आधी टाकी रिकामी करून घ्या. रबरी इंधन नळ्या फुगल्यात किंवा वास येतोय का, हेही तेव्हाच बघून घ्या.

एका वेळी एकच बदल करा आणि तो वहीत तारखेसह लिहा. कामानंतर बॅटरी काढून लावली असेल तर पहिले काही दिवस स्लो थोडा हलतो. ईसीएम पुन्हा शिकत असतो, त्यावरून निकाल लावू नका. मग दोष ज्या स्थितीत येत होता तीच स्थिती मुद्दाम आणा: तीच टाकीची पातळी, तेवढंच तापलेलं इंजिन, तोच कात्रजचा चढ, एसी तसाच. तिथे गाडी सरळ चढली तर भाग बरोबर होता. पुन्हा मारली तर काढलेला जुना भाग भंगारात टाकू नका, तो चांगला आहे हे आता सिद्ध झालंय. डब्यात ठेवा आणि वहीतल्या पुढच्या संशयिताकडे वळा.